दार झिऱ्यावर होतं

नसीमखालानं आम्हाला मदत केली. हे आधीच लिहून टाकते, कारण मला भीती वाटते, पुढचं सांगता सांगता दुष्काळ, कोर्ट, आबा, ओढा असं सगळं गर्दी करील आणि ती मागं राहील. ती तशीही मागं राहणारीच बाई. तालुक्याच्या कचेरीच्या आवारात एका जुन्या लिंबाखाली तिचं टेबल असायचं. टेबलावर मराठी टाईपरायटर, कागद उडू नयेत म्हणून त्यावर एक गुळगुळीत गोटा. सावली सरकेल तशी ती टेबल सरकवायची. सकाळी ती तहसीलदारांच्या खिडकीसमोर असायची आणि दुपारी पार पाणपोईपाशी. लोक विचारायचे, "खाला कुठं हाय?" तर शिपाई आधी घड्याळाकडं बघायचा आणि मग बोट दाखवायचा.

एप्रिल लागला की मला ती सावली दिसायला लागते. आता मी कोकणात आहे. घरापासून इतकी लांब, की निघालं तर दुसऱ्या दिवशी जेवायला पोचते. नवरा चिऱ्याच्या खाणीवर गाडी चालवतो आणि मी वकिली शिकणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. सध्या त्यांच्या परीक्षा आहेत. पहाटे मी चहाचं आधण ठेवते तेव्हा सावंतवाडीकडची श्रुती जेवणघराच्या बाकावर मांडी घालून घोकत बसलेली असते. खोलीत तिला झोप येते आणि जेवणघरात भूक लागते. त्यातल्या त्यात भूक बरी, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी ती डोळे मिटून म्हणत होती, "माणसाच्या हक्कावर बंधन घालायचं तर त्याला आधी नोटीस दिली पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हुकुमात कारणं लिहिली पाहिजेत..."

पुढचं तिला आठवेना. मी पोहे परतत म्हणाले, "आणि हे केलं नसेल तर हुकूम कितीबी मोठ्या साहेबाचा असो, हायकोर्ट तो रद्द करू शकतं."

तिनं डोळे उघडले. "मावशी! तू कुठं शिकलीस हे?"

"झिऱ्यावर," मी म्हणाले. तोवर पोहे खाली लागले होते.

झिरा म्हणजे कोरड्या ओढ्यात वाळू उकरून केलेला खड्डा. रात्रभर त्यात पाझरून हंडा-दोन हंडे पाणी जमतं. इथल्या पोरींना हे सांगावं लागतं. यांच्या मागच्या विहिरीत एप्रिलमध्येही पोहरा बुडतो, तरी त्या 'पाणी आटलं' म्हणतात. ज्याचं त्याचं आटणं वेगळं.

आमचं गाव लातूर जिल्ह्याच्या अगदी टोकाला. ओढ्याच्या अलीकडं आम्ही, पलीकडं नांदेड. त्या वेळी लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आधी कुठल्याही कामाला उस्मानाबाद गाठावं लागायचं, त्यामुळं 'आता कलेक्टर जवळ आला' म्हणून आबा लई खूश होते. आबा म्हणजे माझे वडील. सगळीकडं नव्या पाट्या, नवे शिक्के, नवा चुना. ओढ्याकाठच्या हद्दीच्या दगडालासुद्धा पांढरा रंग दिला आणि आमच्या बाजूनं लाल अक्षरात नव्या जिल्ह्याचं नाव लिहिलं. सगळं नवं होतं, फक्त पाऊस आला नाही. एक वर्ष नाही, मग दुसरं वर्षही नाही.

त्या उन्हाळ्याचा वास अजून नाकात आहे. तापलेल्या पत्र्याचा, वाळलेल्या शेणाचा, टँकरच्या डिझेलचा. टँकरचा वास यायच्या आधीच घागरींचा आवाज यायचा. पण टँकर वरच्या आळीच्या विहिरीत रिकामा व्हायचा. आमच्या बौद्धवाड्याच्या बायकांनी तिथं उभं राहायचं, आणि वरून कुणी ओतलं तर घ्यायचं. आबांनी अर्ज केले. पाच केले. नक्कल प्रत्येकाची ठेवली. मग एका सकाळी वाड्यातल्या बायका घागरी घेऊन टँकरच्या पुढं रस्त्यावर बसल्या, आणि आबा त्यांच्यात बसले. हात उचलला नाही, शिवी दिली नाही. दोन तास टँकर उभा राहिला आणि शेवटी आमच्याकडच्या हौदात रिकामा झाला. त्यानंतर असं दोनदा झालं. दोन्ही वेळा आबांवर केस झाली.

पाणी तेवढ्यानं पुरत नव्हतं. म्हणून आबांनी ओढ्यात झिरा खोदला. पण कुत्री तोंड घालायला लागली, शेळ्यांनी काठ ढासळवला. एक लहान पोर पडता पडता वाचलं. तेव्हा आबांनी आमच्या घराचं दार काढलं, डोक्यावर घेऊन ओढ्यात नेलं आणि झिऱ्यावर झाकण म्हणून ठेवलं. माय कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"आन् घराला काय लावू? माझं कपाळ?"

"तरट लाव. आपल्या घरात चोरून न्यायला काय हाय? चोर आला तर तोच काहीतरी ठिऊन जाईल."

मग घराला तरटाचा पडदा आणि झिऱ्याला सागवानी दार. पहाटे बायका जायच्या, चौघी मिळून दार सरकवायच्या, वाटीवाटीनं पाणी भरायच्या, आणि पुन्हा दार झाकायच्या. दाराला कडी होती. वाळूत ती कडी वाजायची. त्या आवाजानं मला जाग यायची, आणि क्षणभर वाटायचं की आपल्याच घरी कुणीतरी आलंय.

शिमग्याच्या सुमारास पोलीस आले आणि आबांच्या हातात कागद दिला. प्रांतसाहेबांचा हुकूम. आबा लातूर जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार. हा माणूस धोकादायक आहे, याच्या भीतीनं कुणी साक्ष द्यायला पुढं येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी सातवीत होते. घरात धड वाचता येणारी मी आणि आबा दोघंच. मायला वाचून दाखवताना 'धोकादायक' शब्दाला माझा आवाज फुटला. माय म्हणाली, "कोन? ह्ये? ह्यांला साधा उंदीर मारता येत न्हाई." हवालदार हसला. पण त्यानं आबांना ओढ्यापलीकडं नेऊन सोडलं.

मग सुरू झालं ते ओढ्याकाठचं घर. आबा पलीकडच्या गावात एका गिरणीवर राहिले. संध्याकाळी ते हद्दीच्या दगडापाशी येऊन बसायचे, त्यांच्या बाजूला. आम्ही भाकरी घेऊन जायचो. त्यांना आमचं छप्पर दिसायचं, तरटाचा पडदा दिसायचा, स्वतः खोदलेला झिरा तर वीस पावलांवर. तिथवर येणं हा गुन्हा होता. माय तांब्या भरून आणायची आणि दगडावर ठेवायची. आबा तो पलीकडून उचलायचे.

"काय म्हनतोय तुमचा जिल्हा?" ते विचारायचे. "आमच्या नांदेडात लई गार वारं सुटून राहिलंय."

"मग तिकडंच ऱ्हावा," माय म्हणायची. आणि पदरानं दगडावरची धूळ पुसत बसायची. दगड पुसायचं काही कारण नव्हतं.

मला मात्र सारखी धास्ती. ते बोलण्याच्या भरात एक पाय पुढं टाकतील, कुणीतरी बघेल, तुरुंगात टाकतील. मी त्यांच्या चपलांकडं बघत बसायचे. अजूनही कुणी उंबऱ्यावर उभं राहून बोलायला लागलं की मी त्याच्या पायांकडं बघते. जयंतीचा निळा झेंडा त्या वर्षी वाड्यात न लावता ओढ्याच्या काठावर लावला. अलीकडं गाणी झाली आणि पलीकडं आबा एकटे टाळ्या वाजवत होते. वाऱ्यानं टाळीचा आवाज उशिरा यायचा. माय खीर घेऊन दगडापाशी गेली आणि म्हणाली, "ताल चुकून राहिला तुमचा."

पण ही पुढची गोष्ट झाली. आधी खालाकडं गेलो ते सांगायला हवं. घरात बाप्या माणूस नाही, पोरीबाळी आहेत, म्हणून वाड्यातल्या लोकांनी आबा गेले त्याच दिवशी झिऱ्यावरचं दार उचललं, घासून धुतलं आणि आमच्या चौकटीला परत बसवून दिलं. झिऱ्यावर बाभळीचे काटे टाकले. आम्ही न मागता. त्या रात्री माय दाराला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "मानसं चांगली हायत." मीही तेच म्हणाले.

खाला तेव्हा चाळिशीची असेल. नवरा याच टेबलावर अर्ज लिहायचा. तो गेला, आणि दुसऱ्या महिन्यात ही येऊन बसली. अख्ख्या आवारात एकटी बाई. मायनं तिच्यापुढं उभं राहून रडायलाच सुरुवात केली. खालानं बोटं वर उचलली.

"ठैर, ठैर. माझं मशीन रडनं टाईप करत न्हाई. बैठ. पानी पी. पोरी, तू सांग. तारखेनं सांग."

मी सांगितलं. तिनं ऐकलं. मधे एकदाही 'अरेरे' म्हणाली नाही. मग म्हणाली, "हुकूम निकला, पर उसके पैले नोटीस? तुज्या बापाला कुनी इचारलं का, की बाबा, तुझं काय म्हननं हाय?"

"न्हाई."

"पक्कं?"

"पक्कं. आबा म्हनले, थेट हुकूमच आला."

तिनं प्रांतांच्या फाईलीच्या नकलेसाठी अर्ज टाईप केला. मुंबईला सरकारकडं अपील टाईप केलं, तिकडून उत्तर आलंच नाही. नक्कल मात्र आली. औरंगाबादच्या हायकोर्टात एक तरुण वकील होते, तालुक्याला असताना खालाकडून कागद टाईप करून घेणारे. खाला म्हणाली, ते बघतील, पण त्यांच्या हातात काहीतरी द्यायला पाहिजे. आणि ती नक्कल मोठ्यानं वाचायला लागली. नोटीस दिल्याचा पंचनामा होता. "सदर इसम घरी मिळून आला नाही. घरास कुलूप असल्याने नोटीस दर्शनी दारावर पंचांसमक्ष चिकटवली."

मी म्हणाले, "पन खाला, आमचं दार तर झिऱ्यावर होतं."

ओळीवरून फिरणारं तिचं बोट थांबलं. "काय म्हनली?"

मी पुन्हा सांगितलं. झिरा, कुत्री, तरट, सगळं. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"म्हंजी दारच न्हाई अन् त्याला कुलूप! चल, आत्ता फोटोवाल्याला घेऊन येते. बिनदाराच्या घराचा फोटो."

"पन आता दार हाय," मी म्हणाले. "वाड्यातल्या लोकांनी बसवून दिलं. घासून."

खालानं कपाळावर हात मारला. "अल्ला! इतनी मोहब्बत कौन करता? पुरावाच धुऊन टाकला!" आणि ती हसायला लागली. माय घाबरली, मग मायही हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला मात्र हसू आलं नाही. आम्ही 'मानसं चांगली हायत' म्हणालो होतो त्याच रात्री आबांच्या सुटकेचा कागद पुसला गेला होता.

दुसऱ्या आठवड्यात बायका तालुक्याला आल्या. झिऱ्यावर पाणी भरणाऱ्या अकराजणी. 'आम्ही त्या दिवसांत दार सरकवून पाणी नेलं, दार घराला नव्हतं, ओढ्यात होतं,' असं प्रत्येकीचं शपथपत्र. खाला एकेकीला वाचून दाखवायची आणि मगच अंगठा घ्यायची. "ऐकल्याबिगर अंगठा द्यायचा न्हाई. माझ्या कागदावर बी न्हाई." दुपारी टेबल पाणपोईपाशी पोचलं होतं. तेवढ्यात वरच्या आळीची कोंडाबाई आली. एकटी, डोक्यावरून पदर ओढून. टँकरच्या दिवशी तिच्याच आळीनं ओरडा केला होता.

ती खालाला म्हणाली, "माझं बी लिव्ह."

"काय लिहू?"

"मी बी नेलं तिथलं पानी. ह्या येयाच्या आधी, अंधारात. हिरीचं पानी मचूळ झालतं, नात आजारी होती. त्या दाराला हात लावून नेलंय मी." आणि मायकडं न बघता पुढं म्हणाली, "साक्ष द्यायला कुनी भेत न्हाई म्हनाव त्यांला. मी ह्या मानसाला भेत न्हाई. आमच्या आळीला भेते, तरी बी देती."

खालानं टाईप केलं. वाचून दाखवलं. कोंडाबाईनं अंगठा दिला, शाई लागलेला अंगठा लिंबाच्या खोडाला पुसला आणि निघून गेली. पाणी पिऊन जा म्हणायलाही माय विसरली. हे तिला आयुष्यभर लागलं.

हायकोर्टाची तारीख लागली ती नेमकी माझ्या सातवीच्या गणिताच्या पेपरला. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधीची शेवटची तारीख. माय एकटी जाऊ शकत नव्हती, तिला एस.टी.ची पाटी वाचता यायची नाही. मी कुणालाच न विचारता तिच्याबरोबर निघाले. कोर्टात थंडगार होतं. पंखे होते, काळे कोट होते आणि बोलणं सगळं इंग्रजीत. मी मायचा हात धरून शेवटच्या बाकावर बसले. आमचे वकील बोलले, सरकारी वकील बोलले, फाईल उलटसुलट झाली. आम्हाला आपलं प्रकरण चाललंय एवढंसुद्धा कळलं नव्हतं. मग न्यायमूर्तींनी चष्म्यावरून सरकारी वकिलांकडं बघितलं आणि एकदम मराठीत विचारलं, "दार होतं की नव्हतं?"

"नव्हतं!" माय शेवटच्या बाकावरून म्हणाली.

शिपाई धावत आला. माय उभी राहिली, मग बसली, मग परत उभी राहिली. न्यायमूर्तींनी वर बघितलं. रागावले नाहीत. शिपायाला हातानंच 'राहू दे' म्हणाले आणि सरकारी वकिलांकडं वळले. बारा बायकांच्या शपथपत्रांवर सरकारनं उलट काही लिहूनच दिलेलं नव्हतं. आबांना बोलावून ऐकल्याचा एकही कागद त्या जाड फाईलीत निघाला नाही. हुकूम रद्द झाला.

व्हरांड्यात वकिलांनी आम्हाला समजावलं. मी विचारलं, "म्हंजी आबा चांगले हायत, असं कोर्ट म्हनलं का?" ते म्हणाले, "नाही. ते कोर्टानं पाहिलं नाही." मला वाईट वाटलं. इतक्या लांब येऊन एवढंही नाही? परत आल्यावर मी खालाला तेच सांगितलं, तर ती म्हणाली, "पगली. कोर्टानं तुज्या बापाला शाबासकी नाय दिली. कोर्टानं साहेबाला इचारलं, की तू ह्याला इचारलं होतं का? बस, इतनाच. पर ये इतना भी आसानी से किसी को नहीं मिलता, तुमको कागज पे लिख के मिला." मग एकदम, "अन् तुझा पेपर?"

मी मान खाली घातली. ती मला पहिल्यांदा रागावली. "मला इचारायचं होतं. मी गेले असते तुज्या मायसंगं. सगळ्यांनी इचारायचं अन् तू न्हाई?"

मी पुन्हा शाळेत गेले नाही. पुढच्या वर्षी बसू म्हणता म्हणता ऊसतोडीची टोळी आली, मग लग्न आलं. त्याबद्दल कुणाला बोल लावत नाही.

आबा घरी आले ती संध्याकाळ मात्र अशी आहे, की ती आठवली की हातातलं काम थांबतं. ते दगडापाशी आले, थांबले, आणि वहाणा काढून अनवाणी ओढा उतरले. सगळा वाडा काठावर. ते आधी झिऱ्यापाशी गेले, काटे बाजूला करून आत वाकून बघितलं. मग घरी आले, चौकटीला बसवलेल्या दाराकडं बघत राहिले, आणि कुणाशी काही बोलायच्या आधी त्यांनी ते दार बिजागरीवरून उचललं.

"आत्ताच?" माय म्हणाली. "बसा तरी."

"कुत्री तोंड घालून राहिलीत," आबा म्हणाले, आणि दार डोक्यावर घेऊन परत ओढ्याकडं निघाले.

मी हे सगळं श्रुतीला सांगितलं. तीन दिवस लागले, पोहे, उपमा आणि आंबोळ्या अशा तीन पहाटा. ती म्हणाली, "आणि खाला?"

आबा परतल्यावर काही महिन्यांनी खालाला लिंबाखालून उठवलं. आवारात गर्दी होते म्हणाले. लेखी काही दिलं नाही, शिपायानं येऊन सांगितलं, टेबल उचला. बाकीचे अर्जनवीस तिथंच राहिले. ती स्टँडसमोर रस्त्याच्या कडेला बसायला लागली. तिथं झाड नाही. आबा म्हणाले, "घागरी घेऊन बसू," तर ती म्हणाली, "नक्को भाऊ, तुमचं आत्ताच निपटलंय." सबंध तालुक्याचे अर्ज लिहिणाऱ्या बाईचा अर्ज कुणी लिहिला नाही. आम्हीही नाही. आम्ही घाबरलो होतो. घर परत मिळालं की माणूस जास्तच घाबरतं.

गेल्या दिवाळीला गेले होते तेव्हा ती तिथंच दिसली. डोक्यावर काळी छत्री बांधलेली, टाईपरायटरवर ओला फडका, नाहीतर उन्हानं अक्षरं तापतात म्हणाली. मला बघून टेबलाखालचं स्टूल काढलं. "बैठ. तारखेनं सांग, कशी हायस." मी सगळं सांगितलं, आणि तिला मात्र काहीच विचारलं नाही. एस.टी. सुटायची होती.

श्रुतीनं पुस्तक मिटलं. म्हणाली, "मावशी, तोंडी हुकूमसुद्धा हुकूमच. आधी तो लेखी मागायचा. कारणं मागायची. मी लिहून देते."

"तू सांग," मी म्हणाले. "लिहिते मी."

तर खाला, तुझा अर्ज मी लिहायला घेतलाय. रोज दुपारी भांडी झाल्यावर चार ओळी. अक्षर सातवीतलंच आहे, तिथंच थांबलंय ते. दोन कागद खराब झाले. तुझं वय मला माहीत नाही, ती जागा सोडली आहे. मुलींच्या परीक्षा संपल्या की वसतिगृह बंद होतं. तेव्हा मी येते. आल्यावर आधी तुला विचारीन, खाला, तुझं काय म्हणणं आहे. मग हा कागद तुला मोठ्यानं वाचून दाखवीन, एकेक ओळ, आणि तू ऐकल्याशिवाय तुझी सही घेणार नाही. त्या कचेरीला उत्तर द्यावं लागेल. नाही दिलं तर औरंगाबादची एस.टी. कुठून सुटते ते मला माहीत आहे, आणि या खेपेला माझा कुठलाही पेपर नाही. तुझं टेबल लिंबाखाली परत नेऊन ठेवीन. आज ना उद्या, पण नेईन.